दोन जिवांची एक आणि बाकीचे दहा

गोड बातमी तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायची नाही, हा आमच्याकडचा नियम. या नियमाला धरून सासूबाईंनी ती फक्त त्यांच्या बहिणीला सांगितली. बहिणीनं, कुणापाशी बोलायचं नाही या अटीवर, आपल्या विहीणबाईंना. विहीणबाई आणि आमच्या आत्याबाई एकाच भिशीत आहेत. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा मला फोन आला. आधी पावसापाण्याची चौकशी झाली, मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला काही माहीत नाही हं. पण पपई खाऊ नकोस."

नियमामागचं कारण गंभीर आहे आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. गर्भ टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा तो याच पहिल्या बारा-तेरा आठवड्यांत टिकत नाही. पेढे वाटून झाल्यावर त्याच घरी जाऊन वेगळं काही सांगायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हे मौन. ते मला पटतं. पटत नाही ते एवढंच, की हे मौन पाळायची जबाबदारी जिच्यावर असते, तिलाच नेमकी या काळात चारचौघांतून उठून बेसिनकडे धावायची पाळी येते. ऑफिसात मी ॲसिडिटी सांगितली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी आवळा कॅन्डी, कोकम सरबताची बाटली आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचं कार्ड ठेवून गेलं.

अशा अवस्थेत आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कन्याकुमारीला गेलो. सासू, सासरे, दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, नणंद, नणंदेचे यजमान, आत्याबाई, माझा नवरा आणि मी. अकरा माणसं. बाळ मोजायचं की नाही यावर घरात दोन मतं होती.

बेत ऑगस्टमध्येच ठरला होता. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. म्हणून साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता दीर, नणंदेचे यजमान आणि माझा नवरा असे तीन पुरुष तीन फोन घेऊन युद्धाला बसले, आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात हे कळल्यावर एकमेकांवर ओरडत त्यांनी अकरा जागा मिळवल्या. त्या दिवशी बाळ नव्हतं. अगदी डॉक्टरी हिशेबानंसुद्धा नव्हतं, आणि डॉक्टरी हिशेब या बाबतीत फार सढळ असतो. गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच, पण कागदावर असते. हे मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, समजावून सांगितलं तेव्हा सगळी हयात बँकेत काढलेला तो माणूस शांतपणे म्हणाला, "अच्छा. बॅक डेटेड एंट्री."

जावं की जाऊ नये हे विचारायला आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. 'आम्ही' म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. प्रवासाला सगळ्यांत सुखाचे महिने चौथा ते सहावा, असं त्या म्हणाल्या. पण रक्तस्राव नाही, दुखत नाही, सोनोग्राफी व्यवस्थित आहे, तेव्हा आत्ता जायला काही हरकत नाही. "गाडीच्या हादऱ्यानं काही होत नाही. उलट्या घरी होतील त्या तिकडे होतील. पाणी घोटघोट पीत राहा, दर तास-दोन तासांनी उठून चाला, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका." मग त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं.

माझं वजन हा आमच्या घरातला जुना आणि सर्वांना खुला असलेला विषय आहे. बीएमआय 26. परदेशात 25 च्या पुढं गेलं की वजन जास्त धरतात, आपल्याकडे ही सवलत 23 लाच संपते, त्यामुळे मी दोन्हीकडे नापास. गेलं वर्षभर मी ते उतरवण्याच्या खटपटीत होते आणि त्या खटपटीला मार्गदर्शकांची वानवा नव्हती. बाबा दीक्षितपंथी. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, की दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण 55 मिनिटांच्या आत आटपा. बाबांनी यातली 55 मिनिटं ही मर्यादा नसून हक्क मानला. फोनवर गजर लावून ते बसतात आणि चोपन्नाव्या मिनिटाला दहीभात मागतात. जाऊबाई आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पंथातल्या. आजी खायची ते खा, थोडं थोडं खा, वर साजूक तूप घाला. जाऊबाईंनी 'थोडं थोडं' यातला 'थोडं' हा शब्द दोनदा आलाय म्हणून दोनदा वाढून घ्यायचं ठरवलंय. सासूबाईंचा पंथ या दोघांहून प्राचीन: पानात वाढलंय ते संपवायचं.

डॉक्टरीणबाईंनी या सगळ्या पंथांवर एकदम बोळा फिरवला. आता वजन उतरवायचं नाही, उपास नाही, डाएट नाही. पण दोन जिवांचं खायचं, हेही नाही. माझ्या वजनाच्या बाईनं नऊ महिन्यांत मिळून 7 ते साडेअकरा किलो वाढावं. हे आकडे अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2009 मध्ये घालून दिलेत. त्यातही पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, बस. उलट्यांमुळे थोडं कमी झालं तरी घाबरायचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोज 350 कॅलरी जास्त लागतात. आणि पहिल्या तीन महिन्यांत?

"पहिल्या तीन महिन्यांत वेगळं काहीच जास्त नको."

सासूबाईंचा चेहरा मी त्याआधी असा एकदाच पाहिला होता, सोनाराकडे घडणावळीचा आकडा ऐकताना. "350 म्हणजे किती हो?" त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधारण दोन बेसनाचे लाडू." त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण बाहेर रिक्षात बसताना म्हणाल्या, "लाडवाचा आकार कुठं सांगितलाय त्यांनी."

घरी आल्यावर बाबांनी वही काढली. एवढे अकरा किलो नेमके जातात कुठं, याचा त्यांना खातेनिहाय तपशील हवा होता. मी फोनवर वाचत गेले आणि ते लिहीत गेले. बाळ, तीन किलो धरा. वार, पाऊण किलो. गर्भजल, एक किलो. वाढलेलं गर्भाशय, एक किलो. जास्तीचं रक्त, दीड किलो. पुढं अंगावरच्या दुधाच्या तयारीचा उल्लेख आला तेव्हा बाबांनी खाकरून "इतर" असं लिहिलं. उरलं ते चरबीच्या नावे, पुढच्या स्तनपानासाठी राखीव निधी. "म्हणजे यातली जवळजवळ निम्मी रक्कम प्रसूतीच्या दिवशीच वळती होते," बाबा समाधानानं म्हणाले. मग त्यांना हुरूप आला, आणि तुलनेला असावीत म्हणून अकराही जणांची वजनं आमच्या बाथरूममधल्या काट्यावर घेऊन त्यांनी वहीत नोंदवली. आत्याबाईंनी आधी मंगळसूत्र काढलं, मग बांगड्या, मग चष्मा.

गाडी पुण्याहून रात्री होती. दोन रात्री आणि मधला आख्खा दिवस असा तो प्रवास. डब्यातले काही खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षांवरच्या स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात, ही सोय चांगली आहे. पण ऑगस्टमध्ये मी यांपैकी काहीच नव्हते. मला मिळाला सगळ्यांत वरचा बर्थ. आमच्या वाट्याचे खालचे बर्थ मिळाले सासूबाई, बाबा आणि आत्याबाईंना, आणि त्या तिघांचे मिळून पाच गुडघे दुखतात. माझ्या बरोबर खालच्या जागेवर एक पुणेकर गृहस्थ होते. चादर अंथरून, चपला कागदात गुंडाळून, पाण्याची बाटली डोक्याशी अशी त्यांची सिद्धता झालेली होती.

"जरा जागा बदलता का?" सासूबाईंनी विचारलं. "सुनेला वर चढायला नको."

"का?"

आता इथं नियम आडवा आला. सासूबाईंनी भुवया उंचावल्या, मान तिरकी केली, डोळे मिचकावले. त्यांच्या साताऱ्यात एवढं पुरतं.

"बरं नाहीये तिला."

"काय होतंय?"

"पोटाचं आहे."

"मग ओवा द्या. मी साठ दिवस आधी सकाळी आठला उठून हा बर्थ घेतलाय."

सासूबाईंनी पुन्हा भुवया उंचावल्या. गृहस्थ म्हणाले, "तुम्हालाही बरं नाहीये का?"

हे सगळं पलीकडून ऐकत असलेल्या आत्याबाईंचा संयम तिथं सुटला. "अहो, दोन जिवांची आहे ती!" असं त्या अशा पट्टीत म्हणाल्या, की फलाटावर वडापाव विकणारा मुलगा खिडकीशी थबकला. गृहस्थ ताडकन उठले. एक शब्द न बोलता चादर उचलून, चपलांचं पुडकं घेऊन वर गेले. दौंड यायच्या आत पलीकडच्या कप्प्यातून एका आजींनी आलेपाकाच्या वड्या पाठवल्या, तिकीट तपासनिसानं स्वतःच्या बायकोला पाचव्या महिन्यापर्यंत कसा त्रास झाला ते सांगितलं, आणि एका लष्करी जवानानं आमची सगळ्यांत जड बॅग न सांगता सीटखाली ढकलली. तीन महिन्यांचं गुपित 76 किलोमीटरही टिकलं नाही. वरच्या बर्थवरून मध्यरात्री आवाज आला, "डाव्या कुशीवर झोपा. आमच्या हिलाही तेच सांगितलं होतं."

सकाळी उठले तेव्हा गाडी कर्नाटकात होती आणि डबे उघडले होते.

दिवाळी नुकतीच झालेली. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, करंज्या, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा, भाजक्या पोह्यांचा चिवडा (नणंदेच्या सासरचा, म्हणून वेगळा डबा), बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, आणि 'लागले तर असावेत' म्हणून साताऱ्याचे कंदी पेढे. एसीच्या बंद डब्यात हे सगळे वास एकमेकांत मिसळून माझ्या दिशेनं निघाले. एरवी मी चकलीवर जीव टाकणारी बाई. पण त्या दिवसांत मला दुसऱ्या मजल्यावर कुणी कांदा चिरला तर पहिल्या मजल्यावर कळायचं. लसणाच्या चटणीचं झाकण उघडलं आणि मी धावले. परत आले तेव्हा मोठा पुतण्या वाट बघत होता.

"काकू, तुला उलटी का होते?"

"गाडी लागते रे."

"पण गाडी तर थांबलीय."

मळमळीचं कारण शोधण्यात शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षं घालवली आणि बायकांना 'मनाचं असतं' हे उत्तर देण्यात त्याहून जास्त. डिसेंबर 2023 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं. केंब्रिजचे स्टीफन ओराहिली, कॅलिफोर्नियाच्या मार्लेना फेझो आणि त्यांचे सहकारी यांचं. फेझोबाईंनी स्वतः हा त्रास टोकाचा भोगला होता, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी तो मनावर घेतला नव्हता. बाईंनी मग तो स्वतःच मनावर घेतला. त्यांच्या म्हणण्याचं सार असं: जीडीएफ-15 नावाचं एक संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं आणि थेट तिच्या मेंदूवर काम करतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त त्रास. मी हे बर्थवर आडवी पडून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हणजे हे बाळच करतंय?" नणंदेनं विचारलं.

"बरंचसं."

"बाळात निम्मं आपलं," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी लगेच चिवड्याचा डबा बंद केला. "आपल्याकडं असं कधी कुणाला झालेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापुरतं विज्ञान संपलं.

प्रश्न माझ्या न खाण्याचा नव्हता. प्रश्न माझ्या ताटाचा होता. मी दोन जिवांची, म्हणून ताट दोघांचं वाढलं जाई. त्यातल्या एकाला करंजी नको असे आणि दुसऱ्याला अजून तोंडच फुटलेलं नव्हतं. पण वाढलेलं ताट परत डब्यात जात नाही, आणि अन्न टाकायचं तर नाहीच. मग ते ताट हातोहात सरकत माझ्या नवऱ्यापाशी येई. तो आधी स्वतःचं खाऊन बसलेला असे. "तिच्यासाठी वाढलंय, वाया जायला नको," असं म्हणत तो ते प्रेमानं संपवी. यातून त्याला स्वतःलाच डोहाळे लागल्यासारखं झालं. गुंटकलला त्याला भजी खावीशी वाटली. मग काहीतरी आंबट. मग रात्री साडेनऊला थंड दूध. बायको गरोदर असताना नवऱ्याला मळमळ, डोहाळे, वजनवाढ होते, त्याला डॉक्टर लोक कूव्हाद सिंड्रोम म्हणतात. मी नवऱ्याला हे सांगायची चूक करणार होते, तेवढ्यात ते त्यानं स्वतःच शोधून काढलं आणि पुढचा सगळा प्रवास तो आजारी माणसाच्या हक्कानं जेवला.

याच सुमारास आत्याबाईंनी परीक्षा सुरू केली. गोड खावंसं वाटतं की आंबट? उजवा पाय आधी टाकतेस की डावा? पोट पुढं आलंय की बाजूला? पोट जे काही आलं होतं ते त्याआधीच्या दिवाळीचं होतं, हे मी सांगितलं नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते, की इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. तशी एक छोटी पाटी दोरीत ओवून आत्याबाईंच्या गळ्यात घालावी, असं नणंद म्हणाली. आत्याबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष करून निष्कर्ष जाहीर केला: "मुलगी. किंवा मग मुलगा, पण शांत."

माझ्या फोनमधलं ॲप लिंगाच्या भानगडीत पडत नव्हतं, ते आकार सांगायचं. त्या आठवड्यात बाळ रासबेरीएवढं झालं होतं. ही असली फळं बघून मला दर सोमवारी परकं वाटायचं. पण सासूबाई साताऱ्याच्या. "रासबेरी? अगं, महाबळेश्वरला द्रोणात घालून विकतात ती ना? मग आपल्याकडचंच की!" त्यांनी फोन हातात घेऊन पुढचे आठवडे सरकवून पाहिले. लिंबू आलं, त्या खूश झाल्या. मग एके ठिकाणी ॲव्होकाडो आला तेव्हा फोन परत दिला.

दुसऱ्या सकाळी केरळ लागलं आणि खोबरेल तेलात तळलेल्या पदार्थांचा वास डब्यात शिरला. पिकलेल्या केळ्यांची ती पिवळीधमक भजी, पळमपोरी, घेऊन विक्रेते येऊ लागले. मंडळींना ती इतकी आवडली की अकरा घेतली. अकरावी कुणाच्या नावाची होती आणि कुणी खाल्ली, हे आता सांगायला नको.

माझी सुटका झाली ती थेट कन्याकुमारीत. हॉटेलच्या खालच्या खानावळीत मी एका टेबलाशी डोळे मिटून बसले होते, तेव्हा तिथल्या वाढप्या काकांनी न विचारता समोर एक वाटी ठेवली. तैर सादम. मऊ शिजवलेला भात, थंड दही, त्यात मोहरी, आल्याचा एखादा कण, कढीपत्ता. मी एक घास खाल्ला. तो खाली गेला आणि खालीच राहिला. दुसरा घास घेतला. टेबलावरची दहा माणसं हातातलं थांबवून माझ्याकडे बघत होती. आत कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली, तरी मी उठले नाही.

सासूबाईंना आनंद झाला आणि तो लपवायचाही होता. एवढं फराळाचं केलं, पाठ मोडेपर्यंत राबून, आणि सुनेच्या पोटात राहिला तो परक्याचा दहीभात! पण दुपारी त्या स्वतः खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांना तमीळ येत नाही, त्या काकांना मराठी नाही. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा त्यांना कळलं होतं की भात आधी दुधात कालवायचा आणि दही मागाहून, म्हणजे ते आंबत नाही. मोबदल्यात त्या काकांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण कळलं होतं. तिथं चकलीसारखाच मुरुक्कू होतो, त्यामुळे त्यांनी सगळं ऐकून मान हलवली ती थोडी करुणेनं होती, असं मला लांबून वाटलं.

दहीभातावर माझे पुढचे दिवस निघाले. सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधीच मूठभर कुरमुरे, मग दर दोन तासांनी काहीतरी चमचाभर. हे दिवेकरपंथाच्या जवळ जातं म्हणून जाऊबाई खूश. बाबांनी नापसंती दाखवली नाही, पण माझं खाणं दिवसभर मिळून 55 मिनिटांत बसतं का, ते मोजून पाहिलं.

कन्याकुमारीला जाऊन सूर्योदय पाहायचा असतो. पहाटे साडेचारला दहा माणसांना उठवणं हे काम एरवी बाबांचं, तिथं ते माझ्याकडं आलं, कारण मी साडेतीनपासून जागीच होते. आम्ही अंधारात समुद्रावर गेलो, हजारभर लोकांच्या गर्दीत उभे राहिलो. दिवाळीच्या सुमाराला तिकडं ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, हे ऑगस्टमध्ये तीन फोनवर कुणी पाहिलं नव्हतं. पूर्वेला ढगांची भिंत. सहाच्या सुमारास ती भिंत काळ्याची करडी झाली, आणि सूर्य उगवला असावा असा सगळ्यांनी अंदाज केला. त्याच क्षणी मी कठड्याशी धावले. बाजूच्या गुजराती कुटुंबाला वाटलं की तिथून दिसतोय. तेही माझ्यामागे धावले.

विवेकानंद शिलास्मारकाची बोट समुद्र खवळल्यामुळे बंद होती. बाबा त्यामुळे फार हळहळले. स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते एकनाथजी रानड्यांच्या चिकाटीनं, आणि रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, याचा त्यांना वैयक्तिक अभिमान आहे. किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी आम्हाला सगळी हकीकत सांगितली. पलीकडच्या खडकावरचा तिरुवल्लुवरांचा पुतळा 133 फुटांचा, कारण तिरुक्कुरळाचे अध्याय 133, हेही सांगितलं. मला बोट बंद असल्याचं दुःख झालं नाही. मी त्या बोटीकडे नुसतं पाहत होते तरी पोटात हलत होतं.

बोट नाही म्हटल्यावर मंडळी किनाऱ्यावर फिरायला लागली. शंखांची दुकानं, रंगीत वाळूची पाकिटं, तळलेली केळी. तिथं पदपथावर एक म्हातारबुवा बाथरूमचा वजनकाटा मांडून बसले होते. आपल्या देशातल्या प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर असा एक माणूस असतो. सुट्टीवर आलेल्या, नुकतंच जेवलेल्या माणसाला आपलं वजन जाणून घ्यावंसं वाटेल, ही त्याची कल्पना मला कधी कळलेली नाही. पण बाबांनी खिशातून वही काढली आणि अकरा जणांचा ठोक भाव विचारला.

आधी दीर चढले. उतरून म्हणाले, काटा बरोबर नाही. जाऊबाई चढल्या आणि म्हणाल्या, समुद्रकाठी हवा दमट असते, कपडे जड होतात. नणंद चढायलाच तयार नव्हती. तिच्या यजमानांनी बुटांचं कारण दिलं, मग बूट काढले, मग पाकिटाचं कारण दिलं. मुलांनी उड्या मारून काटा शून्यावर आणला. माझा नवरा चढला तेव्हा म्हातारबुवांनी स्वतः वाकून आकडा पाहिला आणि त्याच्याकडे आदरानं बघितलं. आत्याबाईंनी मंगळसूत्र, बांगड्या आणि चष्मा उतरवून माझ्या हातात दिला. आकडा वाचायला मग चष्मा परत मागितला, आणि वाचून काढला.

शेवटी मी. माझं वजन सातशे ग्रॅम कमी भरलं. "काटा अगदी बरोबर आहे," मी म्हणाले.

नऊ जण माझ्याविरुद्ध होते. म्हणून अंतिम निकाल घरच्या काट्यावर लावायचा ठरला आणि विषय तात्पुरता मिटला. परतीच्या वाटेसाठी नागरकोइलचे केळ्याचे वेफर्स घेतले, नातेवाइकांना वाटायला म्हणून. ते सोलापूरलाच संपले. नातेवाइकांना वाटायचे ते नातेवाइकांनीच खाल्ले, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही.

परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, ठोके ऐकवले, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "छान चाललंय. थोडं कमी झालंय ते पुढच्या महिन्यात भरून येईल." मग नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही शुगर तपासली आहे का कधी?"

त्या रविवारी बाबांनी सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं. तोच बाथरूमचा काटा, तीच वही. एकेक जण चढला, उतरला, गप्प बसला. बाबांनी वजाबाक्या केल्या, मग बेरीज केली, बेरीज उलटी करून ताळा पाहिला, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"डॉक्टरांनी सुनेला मंजूर केलेली कमाल वाढ, साडेअकरा किलो," ते वाचू लागले. "सून सोडून इतर दहा जणांनी प्रवासात केलेली एकूण वाढ, अकरा किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे संपूर्ण गरोदरपणासाठी या घराकडे आता शिल्लक राहिले तीनशे ग्रॅम."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात बशी होती.

"तीनशे ना? मग हा एक लाडू त्यात बसतो."